सुईचा बारीक आवाज

यंत्रं आपापसांत बोलत, त्या काळी एका कपाटात रेकॉर्डची सुई, सीडी प्लेअर आणि धिप्पाड ॲम्प्लिफायर राहत. मध्ये बारीक आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत पोचवणारा चिमुकला प्रीॲम्प होता.

"हा उगाच जागा अडवतो. मी थेट बोलेन," सीडी प्लेअर म्हणाला. त्यानं प्रीॲम्पला बाजूला सारलं. सीडी प्लेअर छान गायला, पण सुईचं गाणं कुणाला ऐकूच येईना.

"अगं, मोठ्यानं बोल की," हळू बोलणाऱ्याला आपण म्हणतो तसंच ॲम्प्लिफायर सुईला म्हणाला. त्यानं जोर लावला, तर नुसती घरघर वाढली.

"मुकी आहे. भंगारात द्या," सीडी प्लेअर म्हणाला.

प्रीॲम्प सुईजवळ येऊन बसला. तिची कुजबुज त्यानं नीट ऐकली, थोडी मोठी करून पुढे सांगितली. खोलीभर अंगाई पसरली.

"मग मलाही तू लागतोस का?" सीडी प्लेअरनं ओशाळून विचारलं.

"तुझा आवाज मुळातच मोठा, तुला माझी गरज नाहीच रे," प्रीॲम्प म्हणाला. " फक्त सगळ्यांना स्वतःसारखं समजू नकोस."