एकशे चाळीस हिरव्या चाचण्या

“एकशे चाळीस चाचण्या, बाई. सगळ्या पास. पडद्यावर नुसतं हिरवंगार, एकही लाल नाही. आता आणखी काय तपासायचं राहिलं?”

निनादने लॅपटॉप बाईंच्या पुढ्यात सरकवला आणि शेजारी पेढ्यांचा बॉक्स ठेवला. काम फत्ते झालं की बाईंना पेढे द्यायचे, ही त्यांच्या विद्यार्थ्यांची जुनी रीत.

करंदीकर बाईंनी तीस वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवलं होतं. आता त्या ओसरीवर वाल सोलत बसल्या होत्या.

“कशाचं सॉफ्टवेअर आहे रे?”

“रक्तपेढीचा तक्ता. कुठल्या गटाच्या किती पिशव्या उरल्यात ते दिसतं. पिशवी दिली की नर्स नोंद करते, तक्त्यातला आकडा आपोआप कमी होतो. सोमवारपासून हॉस्पिटलात चालू.”

“आणि नाही झाला कमी तर?”

“होतोच, बाई. चाचण्या आहेत ना.”

“ते कळलं. नाही झाला तर?”

“तर... नसलेली पिशवी दिसेल. तिच्या भरवशावर एखाद्या पेशंटला ऑपरेशनला घेतील.” हे तो शेजारच्या गावची बातमी सांगावी तसं बोलला.

बाईंनी हात पदराला पुसले.

“तक्त्यातला आकडा बदलणारी ओळ कुठली?”

त्याने बोट ठेवलं. बाईंनी ती ओळ पुसून टाकली.

“आता चालव तुझ्या चाचण्या.”

एकशे चाळीस. सगळ्या हिरव्या.

...

निनादने पुन्हा चालवल्या. पुन्हा हिरव्या. मग तो आपणच लिहिलेल्या चाचण्या वरपासून खालपर्यंत वाचत गेला.

“मी...” त्याने पडद्यावर बोट टेकवलं. “चाचणीत आकडा मीच बदलतोय, आणि मीच बदललेला परत वाचतोय. तक्त्याकडे बघतच नाही.”

बाईंनी पुन्हा वाल हातात घेतले होते.

त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती. सोमवार चार दिवसांवर आला होता. पुसलेली ओळ परत आणायला तो घाईने पुढे वाकला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे.”

“अहो बाई, त्या ओळीशिवाय तक्ता चुकीचा आकडा दाखवेल!”

“हो ना.”

...

त्याने पेढ्यांच्या बॉक्सकडे हात नेला. “मग हे... परत नेऊ?”

“ठेव इथंच. ती ओळ नसताना एक तरी चाचणी लाल झाली, की खाऊ.”