सुगरणीची सैल गाठ

फार मागे, तळ्याकाठच्या करकोच्याचा पाय मोडला. मुंगूसआजीने हाड बसवून पाला बांधला, पण हाड जागेवर राहीना. मग सुगरणीने त्याभोवती गवत विणून घट्ट आवळलं. तिचं विणलेलं वादळातही सुटत नसे, याचा तिला कोण अभिमान.

सकाळी पाय काळानिळा पडला होता.

"अगं, खोपा सुजत नाही, पाय सुजतो," आजी म्हणाली. "सैल करता येईल असं विण."

"सुटणारी गाठ मी कधी बांधलीच नाही, आजी," सुगरण हिरमुसून म्हणाली.

"सूज मी बघते, गाठ तू बघ."

दोघी दिवसभर बांधत-सोडत बसल्या.

पुढे एकदा करकोचा पाण्यात एका पायावर डुलकी घेत उभा दिसला. सुगरणीने वाकून पाहिलं. टेकलेला पाय तोच होता, तेव्हा मोडलेला.