मंजुरीचं हिरवं बटण

एक होते दस्तगीर चाचा, एक होता मल्लू बिरादार, आणि दोघांच्या मधोमध होतं एक हिरवं बटण.

"चाचा, दाबत का नाही तुम्ही?"

"काय दाबायचं?"

"बटण. तीन महिने झाले."

"कुठलं रं बटण?"

मल्लूनं कपाळावर हात मारला.

चाचा वीज कंपनीत वायरमन. चौतीस वर्षं खांबावर काढलेली. जतच्या पुढच्या अकरा गावांत दिवे गेले की लोक आधी चाचांचं नाव घेत, मग देवाचं. लिहिणं-वाचणं बेताचंच, पण वाऱ्यात तारेचा आवाज ऐकून सांगत, कुठल्या खांबावरची चिमणी, म्हणजे तार पेलणारी चिनी मातीची वाटी, फुटली आहे ते. आता दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते.

मल्लू त्यांच्या हाताखाली सहा वर्षं. कामाला वाघ, पण नोकरी कच्ची. दर वर्षी नवा कागद, दर वर्षी तीच धाकधूक.

आणि त्याचं लग्न अडलेलं. उमदीच्या नीलव्वाशी सुपारी फुटून दोन वर्षं झाली होती. तिचा बाप भला माणूस, पण एका बोलण्यावर अडून बसलेला. म्हणायचा, "जावई पक्का होऊ दे, मग अक्षता. कच्च्या घड्यात पाणी भरत नाही मी."

अशात कंपनीनं फोनवर शिकायचं एक अ‍ॅप काढलं. पंधरा कोर्स. जो सगळे पुरे करील, त्याचं नाव पक्क्यांच्या यादीत. मल्लूनं जेवताना शिकून, बसमध्ये शिकून, म्हशीचं दूध काढताना कानात घालून शिकून पंधराच्या पंधरा पार केले. जिल्ह्यात पहिला आला.

राहिली फक्त शेवटची चौकट. तिथं लिहिलं होतं, 'ज्येष्ठ सहकाऱ्याची मंजुरी'. आणि खाली पिवळ्या अक्षरांत, 'प्रलंबित'.

ज्येष्ठ सहकारी म्हणजे चाचा. यादी शनिवारी बंद होणार होती. आज होता सोमवार.

मल्लूला वाटलं, म्हाताऱ्याला अ‍ॅपच कळत नाही. बिचारा सांगायला लाजत असेल. तो मनातल्या मनात हसला, आणि थोडा फुगलाही. म्हणाला, "चाचा, मी शिकवतो तुम्हाला. एकेक शब्द."

"शिकीव," चाचा म्हणाले, आणि ऑफिसच्या पायरीवर मांडी घालून बसले. समोर मल्लू उभा.

"लॉगिन म्हंजे आत जाणं. आपलं नाव सांगायचं नि शिरायचं."

"आणि पासवर्ड?"

"ती किल्ली. ज्याची त्याला ठाऊक. कुणाला सांगायची नाही."

"साहेबाला?"

"साहेबालाबी नाही."

"आमच्या बेगमला?"

"चाचा, तिला तर मुळीच नाही."

चाचा इतके हसले की टोपी सरकली. पलीकडं तार गुंडाळत बसलेला टोण्या, मल्लूचा जोडीदार, तोही हसला.

"एनरोल म्हंजे नाव घालणं. शाळेत घालतात तसं."

"कोण घालतं?"

"आपलं आपण."

"बेस हाय. मला चौघांनी उचलून शाळेत घातलं हुतं. तरी पळालो."

मग डॅशबोर्ड झाला, म्हणजे आपलं सगळं एका नजरेत दिसतं ते पान. मॉड्यूल झालं. मल्लू म्हणाला, "मॉड्यूल म्हंजे कोर्सचा एक तुकडा. आख्खी भाकरी गिळता येत नाही म्हणून मोडून दिलेली." चाचांनी मान डोलावली. शिष्य शिकवत होता झकास, यात वाद नाही.

"आणि ही हिरवी पट्टी?"

"प्रोग्रेस. किती झालं ते दाखवते. माझी बघा. शंभर टक्के."

"शंभरच्या फुडं काय?"

"पुढं काही नसतं, चाचा."

"अस्सं..."

दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतःचं नाव घातलं. खरंच घातलं! अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पहिल्या कोर्सचा पहिला धडा ऐकत बसला. फोनमधली बाई हातमोजे कसे तपासायचे ते सांगत होती. चाचांनी तो धडा दोनदा ऐकला.

"ही पोरगी लई गोड सांगती रं. आमचा मिस्त्री आधी आईवरून शिवी द्यायचा, मग पक्कड. हे तवा असतं तर लई जण वाचलं असतं..."



मग आली क्विझ. चार उत्तरं, त्यातलं एक खरं. चाचांनी चुकीचं दाबलं. पडद्यावर आलं, 'पुन्हा प्रयत्न करा'.

"काय म्हणतंय?"

"परत करा म्हणतंय."

चाचा त्या अक्षरांकडं बघत राहिले. "दिलदार हाय," म्हणाले.

बुधवारी मल्लूनं त्यांना शेवटचं पान उघडून दिलं. "हे बघा माझं नाव. हे प्रलंबित, म्हंजे अडकलेलं. आणि हे हिरवं, मंजुरी. इथं अंगठा टेकवला की सुटलं."

चाचांनी अंगठा उचलला. पडद्यापाशी नेला.

मल्लू पुढं वाकला.

चाचांनी अंगठा मागं घेतला आणि धोतराला पुसला. "कळलं."

"मग दाबा की!"

"बटण कळलं म्हणलो."

आता मात्र मल्लूचा तोल गेला. "काय राहिलंय माझ्यात? विचारा कुठलंबी. खांबाखाली उभं राहून नियम म्हणून दाखवू? पहिला नियम..." आणि तो घडाघडा म्हणत सुटला. एक काना चुकला नाही.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग फोनकडं बोट करून म्हणाले, "हे ती पोरगी म्हणती. तू काय म्हणतोस?"

"मी तेच म्हणतो!"

चाचांनी टोपी सारखी केली.

"सांगा की, काय राहिलंय?"

"मी सांगितलं, तर ते राहिलंच की रं."

मल्लू तरातरा निघून गेला.

घरी आई म्हणाली, "पाय धर त्यांचं. गुरू हाय तुझा."

"सहा वर्षं धरलेच आहेत, आई. ते म्हणतील तसं वागलो. एकदा तरी उलटा शब्द दिला का मी?"

नव्हता दिला, हे खरं. आणि आता इथं जरा थांबून खांबावरचं काम कसं चालतं ते सांगायला हवं.

तार दुरुस्त करायची तर आधी ती बंद करायची. चाचा सबस्टेशनला फोन करून परवानगी घेत, लांबच्या खांबावरचा खटका पाडत, वायरीनं जमिनीशी जोडलेला अर्थिंगचा दांडा तारेला टेकवून ठिणगी उडत नाही ना, तार मेली आहे ना ते बघत, आणि मगच हाक देत, "बंद हाय, चढ." नियम मात्र आणखी एक पायरी सांगतो. जो चढणार, त्यानं आपल्या खांबापाशी आपल्या हातानं पुन्हा दांडा लावून बघायचं.

मल्लूला हा नियम पाठ होता. पण चाचांनी बंद म्हटल्यावर पुन्हा बघायचं, म्हणजे चाचांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडायचं. तसं कुणीच करत नसे. सहा वर्षांत मल्लूनं एकदाही केलं नव्हतं. चाचांचा शब्द पडला की पाय खांबावर. याचा त्याला अभिमान होता.

शुक्रवार उजाडला.

डाळिंबाच्या एका बागेच्या कडेला खांबावरची चिमणी फुटली होती. चाचा सकाळीच पुढं गेले. मल्लू आणि टोण्या मागून नवी चिमणी, पट्टा, दोर, दांडा घेऊन दहाला पोचले. चाचा खांबाच्या सावलीत बसले होते.

"बंद हाय," चाचा म्हणाले. "चढ."

मल्लूनं पट्टा आवळला. पाय खांबावर ठेवला.

रोज तो या वेळी चाचांच्या तोंडाकडं बघायचा. आज राग होता, म्हणून बघितलं नाही. वर बघितलं, तारेकडं.

तीन तारा. वर पांढरं आभाळ. एका तारेवर पारवा.

जिवंत तार आणि मेलेली तार दिसायला सारखीच असते...

'बंद आहे असं कोण म्हणतं?'

चाचा म्हणतात.

'आणि मी?'

 तो खांबाला तसाच धरून उभा राहिला. उद्या शनिवार. आज या माणसाच्या शब्दावर संशय घेतला, तर बटण गेलं. यादी गेली. नीलव्वा गेली. नुसतं चढायचंच तर होतं, रोज चढतो तसं.

त्यानं पाय खाली घेतला. सायकलच्या ट्यूबसारख्या गुंडाळलेल्या वायरीतून दांडा ओढून काढला.

टोण्या ओरडला, "ए, काय करतोस? चाचांनी सांगितलंय की!"

"ऐकलं मी."

"मग? खोटं बोलतात का ते?"

मल्लूचं तोंड लाल झालं.  त्यानं वायरीचं टोक जमिनीतल्या सळईला आवळून बांधलं. हातमोजे फुगवून बघितले, घातले. दांडा उंच केला. पहिल्या तारेला टेकवला.

काही नाही.

दुसऱ्या तारेला. काही नाही.

तिसऱ्या तारेवरचा पारवा उडाला. बाकी काही नाही.

तार मेलेलीच होती. चाचा म्हणाले होते तशी, चोख.

"झालं समाधान?" टोण्या म्हणाला. "सहा वर्षांचं मीठ खाल्लं, आणि शेवटच्या दिवशी गुरूची परीक्षा घेतोय शहाणा! आता बस बोंबलत उद्या."

 मल्लूनं दांडा तिथंच तारेला अडकवून ठेवला, तसाच नियम होता. तो चाचांच्या जवळून गेला, पण मान वर करायचं धाडस झालं नाही. वर चढला. चिमणी बदलली, तार बसवली, पेच दोनदा आवळले. वरून त्याला खालचं काही ऐकू येत नव्हतं.

खाली चाचा टोण्याला म्हणत होते, "तोंड तिकडं कर."

"का हो?"

"किल्ली घालायची हाय. कुणाला दाखवायची नस्ती."

चाचांनी चष्मा पुसला. एकेक अक्षर शोधत, शिकवल्याप्रमाणे आत शिरले. पान उघडलं. नाव शोधलं. अंगठा धोतराला पुसला, आणि टेकवला.

मल्लू खाली उतरला. दांडा काढला, वायर सोडवली. मग हात जोडून चाचांपुढं उभा राहिला. "चाचा, माफ करा. माझ्याकडनं..."

खिशात फोन वाजला.

चाचा उठले आणि धोतर झाडत म्हणाले, "बग की, कोण बोलावतंय."

मल्लूनं फोन काढला. पिवळी अक्षरं गेली होती. तिथं हिरव्यात लिहिलं होतं, 'पूर्ण'.

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. वर बघितलं तर चाचा बांधावरून चालू लागले होते, लांबचा खटका वर करायला. टोण्याच्या हातातला दोर तसाच राहिला होता.

शनिवारी यादीत नाव लागलं. पंधरवड्यात पक्क्या नोकरीचा कागद घरी आला. आईनं तो देवापुढं ठेवला, मग शेजारणींपुढं ठेवला, मग पुन्हा देवापुढं. उमदीचा सासरा स्वतः येऊन पाव्हण्यासारखा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तारीख काढू या का?" वैशाखात अक्षता पडल्या. नीलव्वा घरात आली, आणि दोन वर्षं उंबऱ्याबाहेर ताटकळलेलं सुख तिच्या पाठोपाठ आत आलं. चाचा तेव्हा निवृत्त झाले होते. पांढराशुभ्र सदरा घालून पहिल्या पंगतीला बसले, आणि बुंदी दोनदा मागून घेतली.

मुंडावळ्या बांधलेला मल्लू तसाच त्यांच्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"चाचा, एक विचारू?"

"आज? विचार."

"त्या दिवशी तार खरंच बंद होती."

"हुती की."

"तुम्ही सकाळीच बंद केली होती. मग मी दांडा लावला न लावला, त्यात काय फरक पडला?"

चाचांनी पानातली बुंदी सावकाश संपवली. पाणी प्याले.

"माझ्यासाठी ती साडेनवाला बंद झाली हुती," चाचा म्हणाले. "तुझ्यासाठी सव्वादहाला."