मातीत गळालेले काटे

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा फाटकाशी चपला काढता काढताच ओजसनं विचारलं, "महाराज, सुरुंग किती जोराचा असावा?"

टेकडीवरच्या मठीत सोनगिरी बाबा ओटा झाडत होते. त्यांचा हात थांबला.

"कुणाशी लढाई काढलीस रे बाबा?"

"खरी नाही. खेळातली."

ओजसनं कॉम्प्युटरवरचा खेळ बनवला होता. अंतराळात यानं पाठवायची, ग्रह जिंकायचे, वाटेत सुरुंग पेरायचे. आधी लोक या खेळापायी वेडे झाले होते. आता जो तो आपल्या ग्रहाभोवती सुरुंग पेरून गप्प बसतो. कुणी आपल्या ग्रहाबाहेर पडतच नाही. खेळणारे रोज गळत होते. खेळ डोळ्यांदेखत मरत होता.

"जोर कमी केला तर पेरणारे चिडतात. वाढवला तर बाकीचे पळतात."

"पेरणाऱ्याचं यान त्यावरून गेलं तर?"

"त्याला काही होत नाही. ज्याचा सुरुंग त्याला लागत नाही, असा नियमच केलाय मी." हे सांगताना त्याची मान जरा ताठ झाली.

"आणि वेचायचे कसे?"

"वेचायची सोय नाही..."

बाबांनी कोपऱ्यातल्या वाळक्या बाभळीच्या फांद्या दाखवल्या. "त्या अंगणात पसर. शेळ्या येऊन तुळस खातात."

ओजसनं मन लावून काम केलं. फाटकापासून पसरत, मागे सरकत ओट्यापर्यंत आला. बोटभर जागा सोडली नाही.

"छान. आता फाटकाबाहेरच्या विहिरीवरून पाणी आण."

"महाराज, चपला फाटकापाशी राहिल्या."

"काटे कुणी पसरले?"

"मी."

"मग तुला कसे लागतील? जा."

ओजस हसला. दोन फांद्या बाजूला सारून त्यानं पाय टाकला... आणि मटकन खाली बसला.

बाबांनी त्याचा पाय मांडीवर घेतला. सुईनं काटा काढू लागले.

"वेचायची सोय का नाही ठेवलीस?"

ओजसनं फाटकाकडे पाहिलं.

"मुबीन म्हणत होता ठेवू. आम्ही दोघांनी मिळूनच खेळ सुरू केला होता. पण सुरुंगांवर मीच जिंकायचो ना... त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, 'एवढी भीती वाटते तर घरी बसून सापशिडी खेळ.' सगळे हसले. त्यानं पिशवी उचलली आणि गेला."

"मग?"

"नंबर आहे माझ्याकडे. रोज काढतो... आणि ठेवून देतो."

काटा निघाला. बाबांनी तो त्याच्या तळहातावर ठेवला.

"म्हणजे जोर कमी करू का, महाराज?"

बाबा उठून धुनीपाशी जाऊन बसले.

ओजस लंगडत अंगणात उतरला. फांद्या भराभर उचलल्या गेल्या. पण फरफटताना गळालेले काटे मातीत मिसळले होते. ते दिसेनात. कुठे कुठे गळाले, पसरणाऱ्यालाच आठवेना. तो गुडघ्यांवर बसून माती चाचपू लागला. ऊन डोक्यावर आलं. बोटं लाल झाली.

बाबा बघत होते. मदतीला उठले नाहीत.

"एकट्यानं संपत नाही, महाराज..." ओजस गुडघ्यांवरूनच म्हणाला.

बाबांनी धुनीतलं लाकूड आत सारलं.

"मुबीनला निरोप धाड. म्हणावं, बाबांनी बोलावलंय... आणि फाटकाशी चपला काढू नकोस."