व्यायामशाळेचा नवा ओटा

स्तन मोठे करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर वृषालीताई पहिल्यांदाच व्यायामशाळेत आल्या, तेव्हा आतले टाके उसवतील अशी त्यांना धास्ती होती. सध्या फक्त चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तिथले प्रशिक्षक घाटगे सर सगळ्यांसमोर गरजले, "जखम सुकलीय ना? मग काढा जोर! नखरे नकोत."

ताईंनी दाराजवळच्या सिमेंटच्या नव्या ओट्याकडे बोट दाखवलं. "तिथे काढू, सर?"

"अहो, नको! तो वरून सुकलाय, आत अजून कच्चाच आहे. भेगा पडतील!"

"माझ्या डॉक्टरही अगदी हेच म्हणाल्या, सर."

सर ओशाळले आणि त्यांनी चालण्याचं यंत्र सुरू करून दिलं.