राघूच्या स्टेअरिंगमधला खेळ

"आता बदलायचं तरी काय राहिलंय, वस्ताद?"

सर्जेराव खोत विचारत होता खरा, पण त्या प्रश्नात तक्रारच जास्त होती.

वस्ताद दस्तगीर मुजावर खाटेवर बसून बशीतला चहा फुंकत होते. मलकापूरच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी त्यांचं मातीच्या भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं शेड होतं. वय चौऱ्याहत्तर, नखं कायमची काळी. शेडवर पाटी नाही, भिंतीवर नाव नाही. तरी घाट चढून आलेला ड्रायव्हर, गाडीला काही झालं की बिनघोर इथंच वळायचा.

"काय काय बदललंस?"

"टाय रॉडचे एंड नवे टाकले. किंगपिन नव्या, बुश नवे. स्टेअरिंगचा बॉक्स उघडून आतला दातेरी भाग नवा बसवला. बेअरिंगसुद्धा सोडली नाहीत. तरी स्टेअरिंग वीतभर फिरवल्याशिवाय चाकांना पत्ता लागत नाही. प्ले काही जात नाही."

"खेळ म्हण की. हितं शिकत हुतास तवा खेळच म्हणत हुतास."



बारा वर्षं तो या शेडात शिकला होता. नऊ वर्षांपूर्वी इथून निघाला, तेव्हा चार माणसांत म्हणाला होता, "म्हाताऱ्याकडं शिकण्यासारखं आता काही उरलं नाही." ते बोलणं वस्तादांच्या कानावर गेलं होतं, आणि गेलं होतं हे सर्जेरावला ठाऊक होतं. त्यानंतर तो आज पहिल्यांदा इथं आला होता. खाली गावात त्याचं मोठं गॅरेज होतं. त्यावर 'सर्जेराव ऑटो : स्टेअरिंग स्पेशालिस्ट' अशी पाटी, धावत्या एस.टी.तूनही वाचता यावी एवढी.

आणि त्या स्पेशालिस्टच्या हातून तीन वेळा "एकदम ओके" होऊन गेलेली गाडी तीनही वेळा परत आली होती.

गाडी दारातच उभी होती. एकोणसाठ सालची पोपटी पिकअप. तिच्या रंगामुळं पंचक्रोशीत तिला राघू म्हणत. राघूच्या मालकीणबाई, इंदूकाकी गुरव, शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. काकींची रोपवाटिका होती. काजूची, आंब्याची, सुपारीची रोपं पाठीमागं लादून गेली एकतीस वर्षं त्या स्वतः घाट उतरत आणि चढत. पण गेल्या आठवड्यात एका वळणावर राघू त्यांचं न ऐकता दरीकडं सरकला. कठड्याला घासून थांबला म्हणून बरं.

"दस्तगीरभाऊ," काकी म्हणाल्या, "पोरांना म्या शब्द दिलाय. आज ह्यो नीट झाला न्हाई, तर तीनच्या टायमाला भंगारवाला येऊन घेऊन जाणार. आणि ह्यो गेला की माझं ड्रायविंग संपलं. दुसऱ्या गाडीला माझा हात बसायचा न्हाई."

सर्जेरावनं मान खाली घातली.

वस्तादांनी बशी ठेवली. गाडीच्या चारही बाजूंनी एक फेरी मारली. बॉनेट उघडलं नाही, पाना मागितला नाही. दार उघडून सीटवर चढून बसले आणि दोन बोटांनी स्टेअरिंग हलकेच इकडं तिकडं फिरवलं. डोळे मिटलेले…

मग म्हणाले, "सर्ज्या, झोप खाली."

नऊ वर्षांत त्याला कुणी सर्ज्या म्हटलं नव्हतं. त्यानं आपल्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाकडं पाहिलं.

"झोप की रं," काकी म्हणाल्या. "शर्ट काय, धुतला की निघतोय."

खरी अडचण शर्टाची नव्हती. स्वतःच्या गॅरेजात सर्जेराव सीटवर बसायचा आणि कामगार खाली झोपायचे. तो वरून विचारायचा, "टाय रॉडच ना रे?" खालून उत्तर यायचं, "व्हय मालक, टाय रॉडच." मालकाला जे ऐकायचं असेल ते खालून बरोबर यायचं.

वस्तादांच्या शेडात रीत उलटी होती. बोलायचं खालच्यानं. वरच्यानं स्टेअरिंग हलवायचं आणि "काय हलतंय?" एवढंच विचारायचं. उत्तर सुचवायचं नाही, विचारलं तरी सांगायचं नाही. आणि शेडातला सगळ्यात जाणता माणूस वर नाही, खाली झोपायचा. ही रीत सर्जेराव साफ विसरला होता.

तो बॅटरी घेऊन वाकला. वस्तादांनी खिडकीतून हात पुढं केला. "ती हिकडं दे."

"मग दिसंल कसं?"

"बघून तीन डाव झालं की."

बॅटरी गेली. सर्जेराव राघूच्या पोटाखाली सरकला. तेलाचा, मातीचा, जुन्या लोखंडाचा वास आला आणि त्याला एकदम आपली विशी आठवली.

वर स्टेअरिंग हलू लागलं.

"काय हलतंय?"

"बॉक्सचा आर्म हलतोय." त्यानं हात पुढं नेला. "त्याच्या मागं रॉड हलतोय. टाय रॉड हलतोय. आता चाक."

"खेळ कशात हाय?"

"कशातच नाही." त्यानं प्रत्येक सांधा बोटांत धरून पाहिला. "एकात पण ढिलेपणा नाही, वस्ताद. सगळं घट्ट. मी म्हणत होतो ना…"

"व्हय, म्हणत हुतास. जे हलतंय ते समदं बदललंस तू. आता जे हलत न्हाई, त्येच्यावर हात ठेव."

"जे हलतच नाही त्यात खेळ कसा असंल?"



वर स्टेअरिंग हलत राहिलं. इकडं, तिकडं. इकडं, तिकडं.

सर्जेराव मनातून चिडला. म्हातारा कोडी घालत बसलाय आणि तिकडं घड्याळ पळतंय. पण करणार काय? त्यानं हात ठेवला. स्प्रिंगच्या पाट्यांवर ठेवला, ते गप्प. अ‍ॅक्सलवर ठेवला, तोही गप्प. बॉक्सचे नट चाचपले, चारही आवळलेले. मग नट ज्या लोखंडात बसले होते त्या चेसिसवर त्यानं तळवा टेकला. चेसिस म्हणजे गाडीचा कणा. तो कशाला हलेल?

तळव्याखाली काहीतरी हललं.

इतकं थोडं, की डोळ्यांना कधीच दिसलं नसतं. पोरगं झोपलेलं असताना त्याच्या पाठीवर हात ठेवावा, तसं ते लोखंड वर यायचं आणि खाली जायचं.

"थांबा!" तो ओरडला. मग म्हणाला, "नाही… थांबू नका. हलवा. हलवत राहा!"

त्यानं डोळे मिटले. बोट पुढं सरकवलं. काळ्या रंगाचा जाड थर होता. त्यावर एका जागी बोट अडलं. त्यानं नख खुपसलं. रंगाचा पापुद्रा सुटून त्याच्या गालावर पडला आणि खाली चीर लागली. बॉक्सच्या वरच्या नटापासून निघून ती तिरकी खाली गेली होती. बॉक्स चेसिसला घट्ट होता, पण चेसिसच फाटलेली. प्रत्येक वेळी स्टेअरिंग फिरलं की आधी चीर उघडायची, बॉक्स सगळ्यासकट जागेवरून सरकायचा, आणि मग कुठं चाकांपर्यंत हुकूम पोहोचायचा.

त्यानं गालावरचा पापुद्रा उचलून उजेडाकडं धरला. काळ्यावर पांढरं काहीतरी होतं. अर्धं अक्षर.

तेव्हा त्याला सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी राघू पहिल्यांदा त्याच्याकडं आला, तेव्हा गाडी देखणी दिसावी म्हणून त्यानंच चेसिसला काळ्या रंगाचे तीन हात मारले होते. रंग वाळल्यावर पत्र्याचा छाप ठेवून त्यावर पांढऱ्या रंगात आपलं नाव उठवलं होतं. प्रत्येक गाडीवर उठवायचा. जागाही ठरलेली, स्टेअरिंग बॉक्सच्या बरोबर शेजारी. बॉक्स उघडणाऱ्या पुढच्या मिस्त्रीला कळावं, आधी कुणाचा हात लागलाय.

चीर बरोबर 'सर्जेराव'मधून गेली होती. तीन वेळा तो बॅटरी घेऊन तिथं वाकला होता, आणि तीनही वेळा आपलं नाव वाचून पुढं गेला होता.

त्याला लाज वाटली. अंगावर काटा येईल इतकी वाटली. पण त्या लाजेला पुरती बसायलाही जागा मिळाली नाही, कारण मागून आनंद धावत आला.

"सापडला!" तो गाडीखालून ओरडला. "वस्ताद, खेळ सापडला! काकी, राघू कुठं जात नाही!"

तो बाहेर आला तेव्हा शर्ट काळा, तोंड काळं, डोळ्यांत पाणी. काकी उठून उभ्या राहिल्या होत्या. वस्ताद सीटवरून उतरले. कोपऱ्यातली जाड लोखंडी पट्टी उचलून त्यांनी त्याच्या हातात दिली.

पुढचे तीन तास सर्जेरावनं मान वर केली नाही. बॉक्स उतरवला. रंग खरवडून काढला, स्वतःच्या नावासकट. चिरेच्या टोकाला भोक पाडलं, म्हणजे ती पुढं पळणार नाही. चीर वेल्डिंगनं भरली. वरून पट्टी ठेवून चारही कडांनी जोडली. वस्ताद शेजारी उकिडवे बसून फक्त बघत होते. एकदाच म्हणाले, "हात इसरला न्हाई तुझा." सर्जेरावला ते एवढं लागलं की त्याला डोळ्यांपुढच्या काळ्या काचेतून काही दिसेना. त्यानं क्षणभर वेल्डिंग थांबवलं.

पावणेतीनला बॉक्स परत बसला.

काकींनी पदर खोचला आणि राघूवर चढल्या. स्टेअरिंग नखभर फिरवलं. चाकं नखभर वळली.

"आगं बया!" काकी म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि गिअर टाकून निघाल्या.

पहिलं वळण. दुसरं. ज्या कठड्याला राघू घासला होता तिथूनही गाडी पांढऱ्या पट्टीवरून बोटभर न हलता गेली. खालच्या वळणावर गाडी वळवून त्या परत येताना दोघांनी पाहिलं. काकी एका हातानं गाडी चालवत होत्या, दुसरा हात खिडकीबाहेर. एवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो चढ चढून आला. काकींनी त्याच्या शेजारून जाताना लांबलचक हॉर्न दिला आणि बाहेरच्या हातानं त्याला 'जा परत' अशी खूण केली. टेम्पोवाला बघतच राहिला. मग तोही हसला आणि त्यानं टेम्पो वळवला.

सर्जेराव लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होता. स्वतःचं गॅरेज काढलं त्या दिवशीही त्याला एवढा आनंद झाला नव्हता. तो वस्तादांच्या पायाशी वाकला. वस्तादांनी त्याला मध्येच धरून उभं केलं आणि खांद्यावरची धूळ झटकली, जणू नऊ वर्षं मध्ये गेलीच नव्हती.

दोघं खाटेवर बसले. नवा चहा आला. सर्जेरावची नजर शेडच्या उघड्या भिंतीवरून फिरली.

"वस्ताद, एक विचारू? अख्ख्या घाटात तुमच्यासारखा माणूस नाही. मग एवढ्या वर्षांत तुम्ही पाटी का नाही लावली?"

वस्तादांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली…

"लावली हुती की. तिच्या मागं भिंतीला तडा चालला हुता, त्यो दिसंना झाला."