शोकाला वाढलेले पान

कृतयुग उताराला लागले होते, तरी माणसांच्या वाणीत अजून सत्य होते आणि ऋषींच्या ओंजळीतल्या पाण्यात शापाचे सामर्थ्य होते, त्या काळची ही कथा. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, काळ्या खडकांतून धावत आलेली पयोष्णी नदी जिथे वळसा घेऊन संथ होते, तिथे महर्षी शतधृती यांचा आश्रम होता. आश्रम म्हटला की तिथे वाघ आणि हरिण एकाच घाटावर पाणी पितात, असे सांगण्याची आम्हा पुराणिकांची रीत आहे. इथेही ते पीत असतील. पण या आश्रमाची कीर्ती दूरवर पसरली होती ती वाघामुळे नव्हे, तेथील संध्याकाळच्या हाकेमुळे.

गृहस्थाने अग्नीला आणि भूतमात्रांना अन्नाचा अंश दिला, की स्वतः पानावर बसण्याआधी अंगणात उभे राहावे आणि एका गाईची धार काढून व्हावी एवढा वेळ अतिथीची वाट पाहावी, असा धर्म आहे. पुष्कळ गृहस्थ हा धर्म पाळतात, पण त्यांची गाय फारच लवकर दुभून होते! शतधृतींच्या आश्रमात तसे नव्हते. तिथे हे काम त्यांची एकुलती एक कन्या कुहू हिच्याकडे होते. आत तिची माता ऋतंभरा कपिला गाईच्या कासेखाली चरवी धरून बसे आणि बाहेर कुहू कुंपणाच्या दारातल्या दगडावर चढून, दोन्ही हात तोंडाशी धरून, आधी नदीकडे आणि मग डोंगराकडे हाक घाली, "कोणी उपाशी आहे का हो? आमचं जेवण तयार आहे!" मग खाली उतरून दारालगतच्या वारुळाशी ओणवी होई आणि तोच प्रश्न हलक्या आवाजात मुंग्यांना विचारी. यज्ञमंडपात गंभीरपणे बसलेल्या महर्षींना त्या वेळी हसू आवरत नसे, आणि ते आवरण्याचा त्यांनी फारसा प्रयत्नही केला नाही.

त्या वर्षी भाद्रपदात कुहूला ज्वर आला. महर्षींचे मंत्र, ऋतंभरेची रात्रंदिवसाची सेवा, वनातल्या सगळ्या औषधी, काही कामी आले नाही. मृत्यू आला आणि त्या मुलीला घेऊन गेला. त्याविषयी मी अधिक बोलत नाही.

मृत्यू जिथून जातो तिथे त्याच्यामागून त्याचा पुत्र येतो. त्याचे नाव शोक. अंत्यविधी आटोपून महर्षी परतले, तेव्हा कुंपणाच्या दारात तो उभा होता. मेघासारखा सावळा, खांद्यांत वाकलेला, अंगावर ओले वल्कल आणि हातात काठोकाठ भरलेला कमंडलू. आत ऋतंभरा मुलीच्या दर्भाच्या चटईकडे पाहत बसली होती. महर्षींनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा त्या आगंतुकाकडे पाहिले, आणि त्यांच्या मनात भयाचा असा लोट उठला की सारे शास्त्र त्यात वाहून गेले. त्यांनी ओंजळीत पाणी घेतले.

"हे मृत्युपुत्रा," ते गर्जले, "तुझ्या पित्याने या घरातून जे न्यायचे ते नेले. आता जी उरली आहे तिला मी तुझ्या हाती लागू देणार नाही! या कुंपणाच्या आत पाऊल टाकशील, तर त्याच क्षणी भस्म होशील!"

शोक नम्रपणे म्हणाला, "मुनिवर, मी काही न्यायला आलो नाही. या कमंडलूत तुमच्या घराच्या वाटणीचे अश्रू आहेत, ते द्यायला आलो आहे."

"माझ्या घराला त्यांची गरज नाही."

"सगळे असेच म्हणतात," शोक म्हणाला. "मी बाहेर बसतो." आणि कुंपणाबाहेरच्या कडुनिंबाखाली तो जाऊन बसला.

ज्यांच्या दारातून कधी अतिथी विन्मुख गेला नव्हता, त्या महर्षींनी त्या दिवशी अतिथीला परत पाठवले, आणि तेही शाप देऊन. प्रेमापोटी केले हे खरे. पण मोठ्या माणसांच्या मोठ्या चुका बहुधा प्रेमापोटीच होतात.

शापाचा प्रभाव अमोघ होता. आश्रमात कोणाच्या डोळ्यांतून थेंब गळला नाही. ऋतंभरा पहाटे उठे, सडासंमार्जन करी, समिधा रचून देई आणि पतीने विचारले तर "ठीक आहे" म्हणे. पहिले काही दिवस महर्षींना वाटले की आपण तिला वाचवले. मग त्यांच्या ध्यानात आले की ती जेवत नाही. घास हातात घेई आणि तसाच पानात ठेवी. विचारले तर म्हणे, "नाथ, अन्नाला चव नाही." तिच्या हातातली काकणे सैल होऊन कोपरापर्यंत सरकू लागली. इकडे कपिलेनेही पान्हा चोरला. ऋतंभरा कासेला हात लावी, गाय वळून तिच्याकडे पाही आणि चरवी कोरडीच राही. संध्याकाळची हाक तर बंदच पडली होती. पयोष्णीच्या काठाने येणारे वाटसरू हाकेच्या वेळी क्षणभर थबकत आणि पुढे जात.

महर्षींनी तिला आत्म्याचे अविनाशित्व समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले, आणि शेवटी उठून त्यांनाच पाणी आणून दिले. तेव्हा मात्र ते हादरले. कन्या गेली, आता पत्नीही डोळ्यांदेखत चालली, हे त्यांना स्पष्ट दिसू लागले. त्यांनी निराहार राहून देवांचे वैद्य अश्विनीकुमार यांचे आवाहन केले.

प्रातःकाळच्या कोवळ्या प्रभेतून, सोनेरी रथातून, ते जुळे देव आश्रमात उतरले. त्यांच्या कांतीने यज्ञमंडपाचे खांब उजळले, मधाचा सुगंध दरवळला, आकाशातून पुष्पवृष्टी झाली. ती फुले वेचायला धावणारी मात्र अंगणात नव्हती.

"हे साध्वी," ते ऋतंभरेला म्हणाले, "तुझ्या व्यथेवर आमच्याकडे औषधी आहे. तिचा रस घेतलास की वेदना नाहीशी होईल, भूक लागेल, झोप येईल, तुझे आयुष्य निष्कंटक होईल. ही विस्मृतीची औषधी आहे."

"म्हणजे ती गेली हे मी विसरेन?"

"ती होती हेच विसरशील."

ऋतंभरेने विचारले, "तिची हाक?"

"तीही."

"वारुळाशी वाकून ती मुंग्यांना विचारायची, ते?"

अश्विनीकुमारांनी एकमेकांकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"मग नको, देवा," ऋतंभरा म्हणाली. "एकदा मृत्यूने नेली, ते माझ्या हातात नव्हते. दुसऱ्यांदा मी स्वतः तिला घराबाहेर काढू? आपण श्रम घेऊन आलात, आपल्याला माझे वंदन."

महर्षींनी हात जोडून विनवले, "ऋतंभरे, तू जगावीस म्हणून तरी घे!" पण ती हलली नाही. देव जसे आले तसे गेले.

त्या दिवशी संध्याकाळी तिने चूल पेटवली आणि भात रांधला. औषध नाकारले ते मुलीची हाक राखण्यासाठी, आणि ती हाक तर आपणच इतके दिवस मुकी ठेवली, हे तिला दिवसभर बोचत होते. ती दारात गेली. दगडावर चढायला तिला कष्ट पडले, इतकी ती क्षीण झाली होती. हात तोंडाशी धरून तिने नदीकडे हाक घातली, "कोणी उपाशी आहे का हो?" आवाज फुटका निघाला. डोंगराकडे घातली. मग उतरून वारुळाशी वाकली आणि हलक्या आवाजात मुंग्यांनाही विचारले.

तोच कडुनिंबाखालून उत्तर आले, "मी आहे, माते."

तिने पाहिले. सावळा, वाकलेला, ओल्या वल्कलातला. तिने त्याला तत्काळ ओळखले.

"आत या, अतिथिदेव," ती म्हणाली.

"आत आलो तर भस्म होईन. तुमच्या यजमानांचा तसा शाप आहे."

"मग मी बाहेर येते."

यज्ञमंडपातून महर्षी धावत आले. "ऋतंभरे, थांब! तो शोक आहे! तो तुला गिळून टाकील!"

"नाथ," ती वळून म्हणाली, "आपल्या दारात एक जण उपाशी बसला असताना कुहूने आपल्याला जेवू दिले असते का?"

आणि भाताचे पातेले घेऊन ती कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली गेली.

तिने पळसाचे पान मांडले, त्यावर भात वाढला आणि पानाभोवती पाणी फिरवले. वरून कडुनिंबाची दोन पाने भातावर पडली. शोक कितीतरी वेळ त्या पानाकडे पाहतच राहिला. "माते," तो म्हणाला, "युगानुयुगे मी घरोघर जातो. कोणी मला शिव्या देतो, कोणी दार लावतो, कोणी माझ्या पायांवर लोळतो. पान कोणी वाढले नाही. पण मला एकट्याला जेवता येत नाही. ज्याच्या घरी मी जातो, तो जेवला तरच माझे पोट भरते. तो जेवला नाही, तर मी त्यालाच खात बसतो. माझी तरी काय हौस आहे?"

त्याने भाताचा एक घास उचलून तिच्यापुढे धरला. निंबाचे पान त्यातच आले होते. तिने तो घास तोंडात घेतला. घास कडू होता, विलक्षण कडू होता. पण इतक्या दिवसांत तिच्या जिभेला प्रथमच कसली तरी चव कळली होती. आणि तो गिळताना ऋतंभरा रडली. शोकाने कमंडलू कलता केला असावा. मुलीचे नाव घेऊन, जमिनीवर बसून, आई रडते तशी ती रडली.

कुंपणाच्या आत उभे असलेले महर्षी दोन पावले पुढे आले, आणि आपणच आखलेली सीमा ओलांडून पत्नीच्या शेजारी येऊन बसले. "मीही तिचा पिता होतो," एवढेच ते बोलू शकले. शोकाने त्यांनाही घास दिला. त्याच वेळी गोठ्यात कपिला हंबरली आणि तिच्या कासेतून दुधाच्या धारा आपोआप जमिनीवर सुटल्या.

पुष्कळ वेळाने महर्षी म्हणाले, "मृत्युपुत्रा, मी चुकलो. पण दिलेला शाप मला परत घेता येत नाही. उःशाप देतो. तू या घरात ये, राहा. मात्र रोज अतिथीच्या वेळी, गाईची धार निघेपर्यंत, तू कुंपणाबाहेर बसशील. माझ्या शापाचे एवढेच उरेल."

शोकाने हात जोडले. "मुनिवर, मी ते केवळ या घरापुरते ठेवत नाही. या मातेने मला वाढले, म्हणून माझा वर असा: यापुढे मी ज्या घरी जाईन, तिथे रोज तेवढा वेळ बाहेर बसेन. तेवढ्यात त्या घरातल्यांनी दोन घास खाऊन घ्यावेत, हवे तर जरा हसावे. मी परत आल्यावर रागावणार नाही." मग तो ऋतंभरेकडे वळला. "पण माते, मी घरात असताना कोणाला चूल पेटवायचे सुचत नाही. तो पहिला घास बाहेरून कोणीतरी आणावा लागेल."

"मी आणीन," ऋतंभरा म्हणाली.

शोक त्या घरात पुष्कळ वर्षे राहिला. प्रथम तो मधोमध बसे, पुढे भिंतीशी सरकला, शेवटी कोपऱ्यातला होऊन गेला. गेला मात्र कधीच नाही, आणि ऋतंभरेनेही त्याला जा म्हटले नाही. कुहू गेली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात नदीपलीकडच्या पाड्यावर एका तरुण स्त्रीचा पती गेला. त्या संध्याकाळी भाताचे पातेले पदराने धरून, वर निंबाची पाने ठेवून, ऋतंभरा नदी ओलांडून त्या दारात गेली. आत सगळे स्तब्ध बसले होते. काय बोलावे ते तिला कळेना, म्हणून जे येत होते तेच ती बोलली.

"कोणी उपाशी आहे का हो?"

दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी अन्न घेऊन येतात आणि आग्रहाने घास भरवतात. त्याला आपल्याकडे कडू घास म्हणतात. तो या ऋतंभरेपासून सुरू झाला, असे ही कथा सांगते.

पुराणकथेच्या शेवटी फलश्रुती सांगायची असते. ही कथा ऐकून धन मिळत नाही, संतती मिळत नाही, गेलेले माणूस तर नाहीच नाही. ज्याच्या घरी शोक बसला आहे त्याने ही संध्याकाळी ऐकावी. ऐकता ऐकता त्याला थोडी भूक लागते.